आतड्याच्या तपासणीआधीचे औषध : माझा अनुभव

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही बोलणारी बाई नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. मंडळात आजवर मी पापड लाटले, हळदीकुंकवाच्या वेळी अत्तर लावले, पण बोलायला कधी उभी राहिले नाही. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्यावर गेल्या वर्षी जे गुदरले ते चार बायकांना सांगा." मी म्हटले, "अहो, तो विषय का सभेत बोलायचा? पोट साफ करण्याचा!" त्यावर त्या म्हणाल्या, "बोलत नाहीत म्हणूनच तर बायका दुखणी अंगावर काढतात." ते मला पटले, म्हणून उभी राहिले आहे. विषय ओंगळ वाटला तर क्षमा करा, पण तो प्रत्येकीच्या घरचा आहे.

मला दीड वर्षांपासून शौचाच्या वेळी मधूनमधून रक्त पडत असे. मूळव्याध असेल, उष्णता झाली असेल, असे म्हणत मी सब्जा भिजवून पीत राहिले. ह्यांनासुद्धा सांगितले नाही. शेवटी आमच्या मुलीच्या लक्षात आले आणि तिने मला दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, "बहुधा मूळव्याधच असेल. पण तुमचे वय शेहेचाळीस. मोठे आतडे एकदा दुर्बिणीने पाहून घेऊ." त्या तपासणीला कोलोनोस्कोपी म्हणतात. बोटाएवढी जाड, लवचिक नळी मागच्या बाजूने आत घालतात, तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा असतो. मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते, ते सगळे आतून पाहतात. गुंगीचे इंजेक्शन देतात, त्यामुळे फारसे कळतही नाही. खरे काम तपासणीचे नव्हेच. खरे काम आदल्या दिवसाचे, आतडे धुऊन स्वच्छ करण्याचे. माझे चुकले ते तिथेच.

माझी पहिली चूक ऐका. हॉस्पिटलातून एक कागद दिला होता, तो इंग्रजीत. मुलीने वाचून सांगितले, "आई, हलका आहार घ्यायचा आणि आदल्या दिवशी दुपारनंतर फक्त पाणीदार पदार्थ." नेमकी त्या दिवशी श्रावणातली एकादशी होती. मी मनाशी म्हटले, बरे झाले, उपासाइतके हलके दुसरे काय असणार? आणि दुपारी शेंगदाण्याचे कूट घालून साबुदाण्याची खिचडी खाल्ली, वर राजगिऱ्याची वडी. एकादशी अन् दुप्पट खाशी, दुसरे काय! दाण्याचे कूट, बिया, साली, कोंडा, पाला हे आतड्यात चिकटून राहते आणि नळीचे तोंडही बुजवते, हे मला नंतर कळले. उपास वेगळा आणि ही तयारी वेगळी, एवढे ध्यानात ठेवा.

दुसरी चूक त्याहून मोठी, आणि ती सांगायला मला अजून लाज वाटते. औषध म्हणून पावडरचे एक मोठे पाकीट होते, दोन लिटर पाण्यात विरघळवायचे. म्हणजे पाव लिटरचे आठ पेले. चार पेले रात्री आणि चार पहाटे. आपल्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला, चार बिऱ्हाडांत एक. रात्रीचे चार पेले मी कसेबसे प्यायले. मग जी धावाधाव झाली! दहा खेपा झाल्या असतील. प्रत्येक वेळी हातात बादली घेऊन साऱ्या गॅलरीतून जायचे. कोणी दारात बसलेले, कोणी मोबाईल पाहत उभे. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पहाटे पाचला उठले, एक पेला प्यायले, आणि मनात आले, आता पाण्याची वेळ होईल, संडासापुढे रांग लागेल, मी काय करू? हे झोपले होते. मी उरलेले तीन पेले मोरीत ओतले आणि वर दोन तांबे पाणी सोडले.

हॉस्पिटलात सिस्टरने विचारले, "औषध सगळे प्यालात ना?" मी म्हटले, "हो."

गुंगी उतरल्यावर डॉक्टर आले. ओरडले नाहीत. म्हणाले, "ताई, आतडे साफ नव्हते. डावी बाजू थोडीफार दिसली, पण उजवीकडे काही दिसतच नव्हते. पुन्हा करावे लागेल." ह्यांनी पैशांची जमवाजमव करून तपासणी ठरवली होती, रजा टाकली होती. ते काही बोलले नाहीत, नुसते माझ्या चपला पुढे सरकवल्या. मला रडू आले. मग मी डॉक्टरांना खरे ते सांगितले, खिचडीपासून मोरीपर्यंत सगळे. ते म्हणाले, "खरे सांगितलेत हे बरे केलेत. आता तीन आठवड्यांनी पुन्हा करू, आणि ह्या वेळी समजून करू."

तेव्हा मी एक हट्ट धरला. माझ्या भावाच्या बायकोचीही हीच तपासणी झाली होती. तिला एवढाल्या दोन पुड्या दिल्या होत्या, अर्ध्या पेल्याहून थोड्या जास्त पाण्यात घालायच्या, संत्र्याच्या चवीच्या. मी म्हटले, "मलाही तेच द्या ना. दोन लिटर खारट पाणी कशाला?" तेव्हा डॉक्टरांनी मला सगळी औषधे समजावून सांगितली. मला जसे कळले तसे माझ्या बोलीत सांगते.

पहिला प्रकार म्हणजे मी घेतले ते, पॉलिएथिलीन ग्लायकॉल. नाव लांबलचक आहे, डॉक्टर त्याला नुसते पेग म्हणतात. तुंबलेल्या मोरीत आपण वरून बादलीभर पाणी सोडतो ना, तसे हे काम करते. ही पावडर अंगात शोषली जात नाही, आणि तिच्यात क्षार अशा मापाने घातलेले असतात की शरीरातले पाणी वा मीठ फारसे कमीजास्त होत नाही. जितके वरून प्यावे तितके धुऊन खालून जाते. हे 1980 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तयार केले. त्याआधी लोकांना दोन-तीन दिवस पातळ पदार्थांवर ठेवून एरंडेल किंवा सोनामुखी देत आणि वर एनिमा. पूर्वी पेगही चार लिटर प्यावे लागे, आता पुष्कळांना दोन लिटर पुरते, कधी सोबत जुलाबाच्या गोळ्या देतात. गुण असा की, मूत्रपिंड किंवा हृदय अशक्त असलेल्यांनाही इतर औषधांपेक्षा हे अधिक सुरक्षित. अवगुण एकच, प्यावे फार लागते आणि चव खारट.

दुसरा प्रकार माझ्या वहिनीचा. त्यात सोडियम पिकोसल्फेट आणि मॅग्नेशियम असते. एक आतड्याला हलवून जागे करते, दुसरे आतड्यात पाणी ओढून आणते. औषध थोडे आणि चव बरी. पण भगिनींनो, औषध थोडे म्हणून पिणे थोडे नव्हे! प्रत्येक पुडीनंतर चार-पाच पेले पातळ पदार्थ प्यावेच लागतात, आणि तेही नुसते पाणी नाही. साखर-मीठ घातलेले लिंबूपाणी, शहाळ्याचे पाणी असे आलटून पालटून. नुसते पाणीच ढोसले तर रक्तातले मीठ कमी होऊन चक्कर येते, भ्रमही होतो. मूत्रपिंड फार बिघडलेले असेल तर हे देत नाहीत.

तिसरा प्रकार सल्फेटच्या क्षारांचा. लहान बाटलीत असते, ते पाणी घालून अर्धा लिटरच्या आसपास करायचे, प्यायचे, आणि वर लिटरभर साधे पाणी. असे दोनदा. काम चांगले करते, पण चव अगदी समुद्राच्या पाण्याची, आणि काहींना मळमळते.

चौथा प्रकार सोडियम फॉस्फेटचा. हे अगदी थोडे घ्यावे लागते, म्हणून एके काळी लोकांना फार आवडे. काकडीला मीठ लावून ठेवले की कसे पाणी सुटते? तसे हे शरीरातले पाणी आतड्यात ओढून घेते. पण ते पाणी शेवटी आपल्याच अंगातले. काहींच्या मूत्रपिंडाला त्याने कायमची इजा झाल्याचे दिसले, आणि 2008 साली अमेरिकेच्या औषध खात्याने तसा कडक इशारा दिला. म्हातारी माणसे, मूत्रपिंडाचे रोगी, रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणारे, ह्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

एवढे सांगून डॉक्टरांनी मला विचारले, "तुम्ही रक्तदाबाची कुठली गोळी घेता?" माझी गोळी लघवी जास्त होण्याची निघाली. म्हणाले, "म्हणूनच तुम्हाला वहिनींचे औषध नको. तुमच्या अंगातले मीठ आधीच कमी होत असते. तुमचे पेगच बरे." तेव्हा मला कळले की औषध हे साडीसारखे नाही, जावेला शोभली म्हणून आपण आणली. शेजारणीचे उरलेले पाकीट आणू नका, आणि आजीबाईचा एरंडेलाचा उपाय मनानेच करू नका. लहानपणी कोकणात आजीने नाक दाबून एरंडेल पाजले आहे मला. त्याने पोट झाडले जाई, पण दुर्बिणीसाठी लागते तसे आतडे त्याने निवळ होत नाही.

मी आणखी विचारले, "मग सगळे रात्रीच पिऊन टाकले तर? पहाटेचे कशाला?" डॉक्टर हसले. म्हणाले, "रात्री केर काढून झोपता, तरी सकाळी पुन्हा केर काढता ना? तसेच आहे हे. रात्रभर वरच्या आतड्यातून पित्त आणि रस खाली उतरत राहतात आणि उजव्या बाजूला लेप बसतो. पहाटेचे औषध तो लेप धुते." म्हणजे मी मोरीत ओतले ते नेमके सर्वांत मोलाचे पेले होते. औषध कुठलेही असो, निम्मे रात्री आणि निम्मे तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू करावे, आणि तपासणीच्या आधी निदान दोन तास पोटात काही घालू नये, पाणीसुद्धा नाही. तपासणी दुपारची असेल तर कधी कधी सगळेच सकाळी देतात.

आता दुसऱ्या वेळची हकीकत. मी ठरवले, ह्या वेळी लपवायचे नाही. पण तोंडाने सांगणे काही सोपे नव्हते. शेवटी कोपऱ्यातल्या खोलीतल्या काकूंजवळ बसून सगळे सांगितले. काकू म्हणाल्या, "एवढेच ना? अगं, बाळंतिणीचे केले, म्हाताऱ्यांचे केले, तुझे एका रात्रीचे जड आहे का?" त्यांनी संध्याकाळी घरोघर जाऊन सांगितले की शेवटचा संडास उद्या सकाळी दहापर्यंत हिच्यासाठी मोकळा ठेवा. कडीला एक लाल फडके बांधले. दोन बादल्या पाणी कोणी भरून ठेवले ते मला आजवर कळले नाही. गॅलरीतला दिवा रात्रभर जळत ठेवला. पहाटे रांग लागली तेव्हाही त्या दाराशी कोणी गेले नाही. त्या बाया आज इथे बसल्या आहेत. त्या दिवशी मला आभार मानता आले नाहीत, ते आज सर्वांच्या देखत मानते.

आता ज्यांना ही तयारी करावी लागेल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगते.

खाण्याचे असे. मला डॉक्टरांनी तीन दिवस आधीपासून पथ्य दिले होते. पांढरा भात, गाळलेले मुगाचे वरण, दही, साल काढलेला बटाटा, मैद्याचा पाव, अंडे, काटे काढलेली मासळी चालते. भाकरी, पालेभाजी, उसळ, भेंडी, टोमॅटो, पेरू, अंजीर, तीळ, सब्जा, शेंगदाणे, ओले खोबरे चालत नाही. आदल्या दिवशी पातळ सुरू झाले की दूध बंद. कोरा चहा, शहाळ्याचे पाणी, गाळलेले लिंबूपाणी, मुगाच्या डाळीची वरची निवळ घ्यावी. आणि आपल्या लोकांसाठी मुद्दाम सांगते, कोकमाचे सरबत आणि आमसुलाचे सार नको. लाल-जांभळा रंग आत रक्तासारखा दिसतो.

औषध गार करून ठेवावे आणि नळीने प्यावे, म्हणजे चव कमी लागते. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला, आणि मध्ये येरझाऱ्या घालाव्या. मळमळले तर अर्धा तास थांबून मग हळूहळू पुढे प्यावे, ओतून देऊ नये. जोराच्या उलट्या, पोटात असह्य दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी असे झाले तर थांबून लगेच डॉक्टरांना कळवावे. जागा सोलवटू नये म्हणून आधीच खोबरेल तेल लावावे. हे मला काकूंनी सांगितले, आणि फार उपयोगी पडले.

पोट साफ झाले हे ओळखायचे कसे? शेवटी जे होते ते पिवळसर, निवळ, पातळ पाण्यासारखे असावे, त्यात गाळ नको. गढूळ असेल तर न लाजता हॉस्पिटलात तसे सांगावे. मी खोटे "हो" म्हटले, त्याचा दंड भरला.

चालू गोळ्यांबद्दल आठवडाभर आधी विचारावे. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर बंद ठेवायला सांगतात, कारण त्यांनी शौच काळे आणि चिकट होते. मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या मनाने बंदही करू नयेत आणि चालूही ठेवू नयेत. नेहमीच बद्धकोष्ठ असेल तर तेही सांगावे, जास्त औषध लागते. मासिक पाळी आली म्हणून तपासणी पुढे ढकलण्याचे कारण नाही. परत येताना सोबत माणूस हवेच, गुंगी असते.

आमच्या सासूबाईंची तपासणी यंदा झाली. वय बहात्तर, अंगात रक्त कमी, मूत्रपिंडही अशक्त. घरी कोणीतरी म्हणाले, "म्हातारीला थोडे प्यायचे औषध द्या." मी म्हटले, "नाही, आधी डॉक्टरांना विचारा." त्यांनाही पेगच दिले. मी रात्रभर त्यांच्याजवळ बसले, संडासापर्यंत हात धरून नेले, कारण म्हाताऱ्या माणसाला चक्कर येऊन पडण्याचे भय असते. आठही पेले त्यांनी नामस्मरण करीत संपवले. मला म्हणाल्या, "तुझ्यासारखी मोरीला पाजत नाही मी." म्हणजे घरात ही गोष्ट आता थट्टेची झाली आहे.

माझे काय निघाले ते राहिलेच. रक्त खरोखर मूळव्याधीचेच होते. पण उजव्या बाजूला, जिथे पहिल्या वेळी काही दिसले नव्हते, तिथे हरभऱ्याएवढा एक पॉलिप होता. पॉलिप म्हणजे आतड्याच्या आतल्या अंगाला उगवलेला कोंब. त्याचा मला काहीही त्रास नव्हता. डॉक्टरांनी तो त्याच नळीतून तारेच्या फासाने काढला. तपासून आल्यावर कळले की कर्करोग नव्हता, पण वर्षानुवर्षे तसाच राहिला असता तर त्यातूनच कर्करोग होऊ शकतो, अशा जातीचा होता. आता तीन वर्षांनी पुन्हा पाहायचे आहे.

भगिनींनो, मी पुष्कळदा विचार करते. डॉक्टरांनी पहिल्या वेळी "ठीक आहे" म्हणून सोडून दिले असते, किंवा मी "आता पुन्हा नको" म्हणून घरी बसले असते, तर तो कोंब तिथेच वाढत राहिला असता. आणि का? तर गॅलरीतून बादली घेऊन जायची लाज वाटली म्हणून. झाकली मूठ सव्वा लाखाची असे आपण म्हणतो, पण दुखण्याची मूठ झाकू नये. रक्त पडत असेल, शौचाची सवय बदलली असेल, वजन विनाकारण उतरत असेल, तर डॉक्टरांकडे जा. आणि तयारी करायची वेळ आली तर शेजारणीला सांगा. संडासाच्या कडीला बांधायचे ते लाल फडके मी धुऊन ठेवले आहे. ज्या कोणाला लागेल तिने माझ्याकडून घेऊन जावे, आणि त्या रात्री मी सोबतीला येईन.